जुन्या नौकांचे नवे पाणी

१. प्रश्नाची मांडणी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून लोहमार्गाने हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या आणि ज्याच्या एकाही गावातून समुद्राचे दर्शन घडत नाही अशा गोंदिया जिल्ह्यात बसून वापरलेल्या ट्रॉलरांचा व मोटारचलित सुखनौकांचा विचार करणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. तथापि वैनगंगा, बाघ आणि गाढवी या नद्यांचे पाणी ज्याच्या वाट्याला आले आहे, नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह अशा जलाशयांनी ज्याची भूमी अलंकृत झाली आहे, आणि मालगुजारी तलावांचा वारसा ज्याच्या शेतीला व मत्स्यव्यवसायाला आजही आधार देतो, त्या जिल्ह्याला नौका ही वस्तू परकी नाही. पर्यटनाच्या विस्ताराबरोबर या पाण्यावर यांत्रिक नौका आल्या आहेत व पुढेही येतील. आणि नव्या नौकेची किंमत संस्थांच्या व व्यक्तींच्या आवाक्याबाहेर जाते तेव्हा दृष्टी साहजिकच जुन्या नौकांच्या बाजाराकडे वळते.

हा बाजार आता घरबसल्या पाहता येतो. विक्रीस निघालेल्या नौकांची छायाचित्रे, त्यांचे तपशील, त्यांची पूर्वपीठिका आणि मागितलेली किंमत जगाच्या कोणत्याही बंदरातून क्षणार्धात समोर येते. निवृत्त मासेमारी ट्रॉलर, नौदलाच्या सेवेतून बाहेर पडलेली लहान जहाजे, प्रवासी बनविलेल्या मालवाहू नौका, आणि ट्रॉलराच्या आकाराच्या सुखनौका अशी विलक्षण मांदियाळी त्यात आढळते. ज्यांना खरेदी करावयाची नाही असेही असंख्य लोक हे सारे आवडीने न्याहाळतात, आणि त्या न्याहाळण्यातून नौकाशास्त्राचे अनौपचारिक शिक्षण घडते, हे मान्य केले पाहिजे. मूळ प्रश्न मात्र त्यापलीकडचा आहे: आयुष्याचा मोठा भाग एका पाण्यावर घालविलेली नौका दुसऱ्या पाण्यावर, दुसऱ्या मालकाच्या हाती, दुसऱ्या कामासाठी न्यावी काय, आणि न्यावयाची झाल्यास कोणत्या कसोट्यांवर? या प्रश्नासंबंधी आजवर कोणती मते मांडली गेली, त्यांपैकी कोणती सिद्ध झाली आणि कोणती अद्याप विवाद्य आहेत, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

२. पूर्वपीठिका

वापरलेल्या जहाजाला दुसरे आयुष्य देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचे सर्वांत तेजस्वी उदाहरण भारतीय नौवहनाच्या इतिहासाच्या आरंभीच उभे आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघालेले सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज नवे नव्हते. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेले आणि 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने प्रशांत महासागरात प्रवासी वाहतूक केलेले ते जहाज महायुद्धाच्या काळात ग्वाल्हेरच्या महाराजांनी रुग्णनौका म्हणून घेतले, आणि युद्ध संपताच वालचंद हिराचंद प्रभृतींनी ते त्यांच्याकडून खरेदी केले. पुढे अवघ्या चार वर्षांत, १९२३ मध्ये, मुंबईतच ते मोडीत निघाले. ज्या सफरीच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी राष्ट्रीय नौवहन दिन पाळतो ती सफर एका वापरलेल्या जहाजाने केली, आणि तेच जहाज खर्चाच्या भाराखाली फार काळ टिकले नाही. या दोन गोष्टींत आजच्या वादाचे दोन्ही पक्ष बीजरूपाने सामावलेले आहेत.

ट्रॉलरांचा इतिहास याला समांतर चालतो. समुद्रतळावरून जाळे ओढणाऱ्या या नौका एकोणिसाव्या शतकात शिडांवर चालत; त्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत त्यांना वाफेचे यंत्र लाभले, आणि दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश नौदलाने त्यांना सुरुंग काढण्याच्या व गस्तीच्या कामी मोठ्या संख्येने जुंपले. युद्ध संपल्यावर या नौका बाजारात आल्या. आपल्या किनाऱ्यावर १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' या वाफेच्या ट्रॉलराकरवी मत्स्यशोधाचा प्रयोग केला; पुढे १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन झाले, आणि १९५० नंतरच्या काळात किनाऱ्यावरील पारंपरिक नौकांवर यंत्रे चढू लागली. आज ससून गोदीत व भाऊच्या धक्क्यावर दिसणारा लाकडी ट्रॉलर हा या प्रदीर्घ संक्रमणाचा वारस आहे.

मासेमारीच्या व युद्धाच्या नौका सुखासाठी वा संशोधनासाठी वापरण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी अमेरिकेत बांधलेली, युद्धोत्तर काळात माल्टाच्या बेटांत उतारू वाहणारी एक लाकडी सुरुंगशोधक नौका १९५० मध्ये जाक-इव्ह कुस्तो यांच्या हाती आली आणि 'कॅलिप्सो' या नावाने समुद्रशास्त्राच्या इतिहासात अजरामर झाली. १९५५ मध्ये ॲबर्डीन येथे बांधलेला 'सर विल्यम हार्डी' हा संशोधन-ट्रॉलर १९७८ मध्ये 'रेनबो वॉरियर' बनला. याच सुमारास मासेमारी नौकेचे स्थैर्य व काटकसर सुखनौकेत उतरविण्याचा स्वतंत्र विचारही पुढे आला. अमेरिकन नौदलातील कॅप्टन रॉबर्ट बीबी यांची 'पॅसेजमेकर' ही ५० फुटी नौका १९६३ मध्ये सिंगापूर येथे बांधली जाऊन हिंदी महासागर ओलांडून ग्रीसला पोहोचली. हाँगकाँगच्या 'अमेरिकन मरीन' कारखान्याने साठच्या दशकात 'ग्रँड बँक्स' या मालिकेच्या द्वारा ट्रॉलरसदृश सुखनौकांना बाजारपेठ मिळवून दिली. विक्रीच्या जाहिरातींत 'ट्रॉलर' या एकाच नावाखाली खरा मासेमारी ट्रॉलर आणि ही सुखनौका या दोन्ही भिन्न वस्तू येतात, आणि पाहणाऱ्याचा पहिला गोंधळ बहुधा तेथेच होतो.

३. जाहिरात कशी वाचावी

जाणकार मंडळी छायाचित्रातील चकचकीत केबिनीपेक्षा चार-पाच तपशिलांकडे प्रथम लक्ष देतात: पाण्यालगतची लांबी, रुंदी, बुडीत खोली, सांगाड्याचा पदार्थ, इंजिनाची जात व ते किती तास चालले याची नोंद. यांपैकी लांबीचे महत्त्व केवळ जागेपुरते नाही. पाणी कापीत जाणाऱ्या जड नौकेचा किफायतशीर वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीने मर्यादित होतो. फुटांतील लांबीच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणले असता हा वेग नॉटमध्ये मिळतो, म्हणजे ३६ फुटांच्या नौकेला सुमारे ८ नॉट. त्यापलीकडे जाण्याचा प्रयत्न केल्यास इंधनाचा खर्च वेगाच्या मानाने बेसुमार वाढतो. म्हणूनच जुन्या ट्रॉलरावर अधिक शक्तीचे इंजिन बसविल्याची जाहिरात ही गुण म्हणून वाचावी की दोष म्हणून, याबद्दल जाणत्यांत मतभेद असतात.

सांगाड्याचा पदार्थ हा दुसरा कळीचा मुद्दा. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागापासून बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही १८१७ ची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर आहे, हे सागाच्या चिवटपणाचे प्रमाण खरेच. परंतु त्यामागे दुरुस्तीसाठी झालेला अपार खर्चही आहे. काचतंतूंची नौका कुजत नाही, पण तिच्या थरांत पाणी शिरून फोड येतात; पोलादी नौका गंजते, पण तिची दुरुस्ती कोणत्याही कुशल वेल्डरला करता येते. इंजिनाच्या बाबतीत तर व्यवहार अधिक रोकडा आहे: आपल्या किनाऱ्यावरील अनेक नौकांवर अशोक लेलँडच्या मालमोटारीच्या जातीचे डिझेल इंजिन असते, त्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळू शकतात, तर परदेशी सुखनौकेचे नामांकित इंजिन एका लहानशा भागासाठी महिनोन्महिने बंद पडून राहू शकते.

किनाऱ्यावर जुनी नौका घेणारे जाणते नाखवे व तांडेल ती पाण्यावर असताना पाहून समाधान मानीत नाहीत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका ओढून कोरड्या जमिनीवर घेतलेल्या असतात, त्यांच्या फटी पुन्हा भरल्या जातात, तळाला रंग दिला जातो. तेव्हाच तळाची खरी अवस्था दृष्टीस पडते. ज्या तपशिलाचे छायाचित्र सहसा कोणी देत नाही तोच खरेदीचा निर्णायक तपशील असतो.

४. चार प्रमुख मते

या विषयात मुख्यतः चार भूमिका आढळतात, आणि प्रत्येकीच्या मागे अनुभवाचे बळ आहे.

पहिली भूमिका पुनरुपयोगवाद्यांची. नौका बांधताना खर्ची पडलेले लाकूड, पोलाद, श्रम आणि कौशल्य ही संचित संपत्ती असून ती मोडीत काढणे हा अपव्यय होय; वापरात राहिलेली नौकाच टिकते, आणि संग्रहालयात ठेवलेली नौका हळूहळू मरते, असे ते म्हणतात. ब्रिटनमध्ये १९९० नंतर मासेमारीचा ताण कमी करण्यासाठी परवाने परत करणाऱ्या मालकांना मोबदला देताना नौका नष्ट करण्याची अट घातली गेली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुतारकामाचे उत्कृष्ट नमुने असलेल्या अनेक लाकडी नौका चिरफाळून टाकण्यात आल्या. ग्रीसमध्येही युरोपीय धोरणापायी हेच घडले. त्या विनाशाची हळहळ आजही व्यक्त होते, आणि मासेमारीचा परवाना रद्द करून नौका मात्र अन्य उपयोगासाठी राखणे शक्य होते, हा या पक्षाचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही.

दुसरी भूमिका सुरक्षिततावाद्यांची. जाळे ओढण्यासाठी रचलेली नौका माणसांचा भार उंचावर घेऊन चालण्यासाठी रचलेली नसते. तिच्यावर मजला चढविला, बाके टाकली, छत उभारले की तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि स्थैर्य ढासळते. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे 'अटलांटिक' ही पर्यटक नौका उलटून २२ जणांना प्राणास मुकावे लागले; ती मुळात मासेमारीची नौका असून तिचे प्रवासी नौकेत रूपांतर करण्यात आले होते, ही गोष्ट नंतर पुढे आली. या पक्षाच्या मते रूपांतराला परवानगी देणे हाच अपवाद असावा, आणि स्थैर्याची शास्त्रीय परीक्षा झाल्यावाचून एकाही उतारूने अशा नौकेत पाऊल ठेवू नये.

तिसरी भूमिका उपजीविकेच्या दृष्टीने विचार करणाऱ्यांची. ज्याच्यापाशी नव्या नौकेइतके भांडवल नाही त्या कोळ्याला वा धीवराला जुनी नौका हाच व्यवसायात शिरण्याचा दरवाजा असतो. खलाशाचा नाखवा होतो तो बहुधा दुसऱ्याची जुनी नौका घेऊनच. कसोट्या इतक्या कठोर केल्या की त्यांची पूर्तता केवळ धनिकांनाच करता येईल, तर पाण्यावरचा हक्क पाण्याकाठच्या माणसाच्या हातून निसटेल, असे भय हा पक्ष व्यक्त करतो. याच संदर्भात २०१६ मध्ये महाराष्ट्रात पर्ससीन मासेमारीवर आलेले निर्बंध आणि यांत्रिक नौकांची संख्या मर्यादित ठेवण्यासंबंधी चालू असलेली चर्चा यांचाही उल्लेख होतो. कारण संख्या घटवावयाची तर घटलेल्या नौकांचे काय करावयाचे याचा विचार त्या चर्चेत अद्याप पुरेसा झालेला नाही.

चौथी भूमिका विसर्जनवाद्यांची. प्रत्येक नौकेला अंत असतो, तो वेळीच व विधिपूर्वक घडवून आणावा, असे त्यांचे म्हणणे. जून २००० मध्ये गोव्यात कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याजवळ रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिजवाहू जहाज हटविण्यास २०१२ साल उजाडावे लागले. २०११ मध्ये मोडणीसाठी ओढून नेले जाणारे 'विस्डम' हे जहाज जुहूच्या वाळूत येऊन बसले. बेवारस जहाज हे किनाऱ्यावरचे संकट असते, याचे हे पुरावे. या पक्षातही दोन उपमते आहेत. एक मत सरळ मोडणीचे, ज्यासाठी दारूखाना व अलंग ही स्थळे प्रसिद्ध आहेत आणि २०१९ च्या जहाज पुनर्चक्रण कायद्याने ज्याला शिस्त लावण्याचा प्रयत्न झाला आहे. दुसरे मत जहाज स्वच्छ करून समुद्रतळी ठेवण्याचे. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून काही वर्षे राखूनही अखेर २०१४ मध्ये मोडली गेली; जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका मात्र सिंधुदुर्गातील निवतीजवळ पाण्याखालील संग्रहालय व कृत्रिम प्रवाळस्थान म्हणून वापरण्याची तजवीज राज्याने केली आहे.

५. खारे पाणी आणि गोडे पाणी

या चारही मतांच्या मांडणीत एक बाब बहुधा दुय्यम राहते, आणि गोंदियासारख्या अंतर्देशीय जिल्ह्याच्या दृष्टीने तीच अग्रगण्य ठरावी: ज्या पाण्यावर नौका जाणार त्या पाण्याचा गुणधर्म.

समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलोग्रॅम, तर तलावाच्या पाण्याचे १०००. परिणामी समुद्रावरील २० टन वजनाची नौका तलावात आणली असता ती अधिक खोल बसते, आणि तिला पूर्वीच्याच खुणेवर तरंगत ठेवावयाचे तर सुमारे अर्धा टन भार, म्हणजे सात-आठ माणसांचे वजन, कमी करावे लागते. मोठ्या जहाजांच्या अंगावरील भाररेषेत गोड्या पाण्यासाठी स्वतंत्र खूण असते ती याच कारणाने. समुद्रावरील परवान्यात लिहिलेली उतारूंची संख्या तलावावर जशीच्या तशी लागू करणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

लाकडाचेही असेच. समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा गोड्या पाण्यात जगत नाही, ही जमेची बाजू. पण खारे पाणी लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला जो अटकाव करते तो गोड्या पाण्यात राहत नाही, आणि पावसाचे पाणी फळ्यांच्या सांध्यांत साचले की आतून कूज धरते. काचतंतूंच्या तळावर फोड येण्याची प्रक्रिया उष्ण गोड्या पाण्यात अधिक वेगाने होते. पोलादाचे गंजणे तलावात मंदावते. मात्र तळाच्या धातूचे रक्षण करण्यासाठी समुद्रात जे जस्ताचे ठोकळे लावतात ते तेथे निष्प्रभ ठरतात आणि त्यांच्या जागी मॅग्नेशियमचे लावावे लागतात. इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरून पाणी खेचणारी नळी समुद्रात मोकळी राहते, तर गाळाने व पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात ती वारंवार तुंबते. भरीस भर म्हणजे समुद्रासाठी घडविलेल्या ट्रॉलराची बुडीत खोली. उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या उथळ तलावात असा तळ थेट गाळात रुततो.

तात्पर्य, खाऱ्या पाण्यावर निर्दोष ठरलेली नौका गोड्या पाण्यावर आणताच तिची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पुनरुपयोगवादी आणि सुरक्षिततावादी या दोघांनीही हा मुद्दा मान्य केल्यास त्यांच्यातील अंतर बरेच कमी होईल, असे वाटते.

६. कायदा आणि दप्तर

जुन्या नौकेची खरी किंमत तिच्या कागदपत्रांत असते, हे किनाऱ्यावरील व्यवहारात सर्वमान्य आहे. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याने मासेमारीसाठी परवाना बंधनकारक केला, आणि २०२१ मध्ये त्यात कडक तरतुदींची भर पडली. नोव्हेंबर २००८ मध्ये पोरबंदरच्या 'कुबेर' या ट्रॉलराचे अपहरण करून दहशतवादी मुंबईच्या किनाऱ्यावर आले, त्या भीषण घटनेनंतर नौकांची नोंदणी, त्यांचे रंगसंकेत व खलाशांची ओळखपत्रे यांविषयी शासन अधिक दक्ष झाले. हस्तांतरणाची नोंद न करता केवळ विश्वासावर नौका विकण्याचा जुना प्रघात आता विकणारा व घेणारा या दोघांनाही संकटात टाकू शकतो.

अंतर्देशीय पाण्यासाठी दीर्घकाळ १९१७ चा कायदा होता. त्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने घेतली. यांत्रिक नौकांचे वर्गीकरण, तपासणी, नोंदणी व विमा यांची एकसूत्री व्यवस्था आणि नौकांचा केंद्रीय विदासंचय त्यात अभिप्रेत आहे. इतकेच नव्हे, तर यंत्राविना चालणाऱ्या नौकांचीही नोंद स्थानिक संस्थांमार्फत ठेवण्याची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येते. मध्य प्रांताच्या काळी नदीवरील नावघाटांचा ठेका १८७८ च्या उत्तर हिंदुस्थान नावघाट कायद्यान्वये दिला जाई, आणि ठेकेदारावर नाव सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी असे. म्हणजे नौकेच्या स्थितीची शासनदरबारी दखल घेणे ही या प्रदेशाला अपरिचित गोष्ट नाही. तेव्हा दप्तरात नावघाट होता. आता प्रत्येक नौका स्वतंत्रपणे दप्तरात यावी, ही अपेक्षा आहे.

७. गोंदियाचा संदर्भ

गोंदियाच्या पाण्यावरची मूळ नौका म्हणजे डोंगा. एकाच खोडातून कोरलेला, पुढे फळ्यांनी व पत्र्याने घडविला जाऊ लागलेला हा डोंगा धीवर समाजाच्या जीवनाचा आधारस्तंभ आहे. जाळे टाकणे, शिंगाडे काढणे, काठाहून काठाला जाणे ही कामे तोच करीत आला. या पाण्याचे शिल्पकार म्हणजे तलाव बांधणारा कोहळी समाज. नवेगावबांधचे विस्तीर्ण सरोवर कोलू पाटील कोहळी यांनी बांधले अशी परंपरा आहे, आणि मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपुष्टात आल्यावर तलावांची मालकी शासनाकडे गेली तरी त्यांवरील मासेमारी प्रामुख्याने धीवरांच्या सहकारी संस्थांकडे राहिली. मोठे लाकूड आता परवान्याविना मिळत नाही, आणि डोंगा कोरणारे हातही विरळ होत आहेत. त्यामुळे विदर्भातील काही जलाशयांवर थर्माकोलचे तराफे व रबरी ट्यूबा यांचा आश्रय घेतला जातो, जो धोक्याचा आहे हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. दुर्घटना केवळ यांत्रिक वा रूपांतरित नौकांनाच होतात असे नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील गणपूरजवळ वैनगंगेत मजूर स्त्रियांना नेणारी नाव उलटली. त्याच महिन्यात वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळकरी मुलांची नौका बुडाली. मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळाने प्रवासी नौकेचा घास घेतला. पारंपरिक नाव, पर्यटक नौका आणि दैनंदिन वाहतुकीची नौका अशा तिन्ही प्रकारांत मनुष्यहानी झाली. म्हणून नौका जुनी की नवी, यांत्रिक की हातवल्ह्याची, एवढ्यावर निर्णय करता येणार नाही. भारमर्यादा, जीवरक्षक जाकिटे आणि हवामानाचा अंदाज या तीन गोष्टींचे पालन कोण करून घेतो, हे त्याहून महत्त्वाचे.

याच जिल्ह्यात प्रश्नाला आणखी एक अंग आहे, ते पक्ष्यांचे. हिवाळ्यात नवेगावबांध व आसपासच्या तलावांवर स्थलांतरित बदके उतरतात. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून या सरोवराच्या सान्निध्यात घालविलेल्या काळामुळे मराठी वाचकाला या पक्षिसृष्टीची ओळख झाली. डिझेल इंजिनाचा आवाज, तेलाचा तवंग आणि लाटांनी होणारी काठाची झीज यांपासून अशा पाण्याला जपावे, असे निसर्गप्रेमींचे म्हणणे आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने भोपाळच्या सरोवरात डिझेल नौकांना केलेली मनाई ते दाखल्यादाखल देतात. पर्यटनावर उपजीविका अवलंबून असणाऱ्यांचे म्हणणे असे की, मर्यादित संख्येच्या, विजेवर चालणाऱ्या वा मंद गतीच्या नौकांनी पाण्याचे नुकसान न होता रोजगार निर्माण होऊ शकतो, आणि इटियाडोहासारखा सिंचनासाठी बांधलेला विस्तीर्ण जलाशय व अभयारण्यालगतचा तलाव यांना एकच नियम लावणे न्याय्य नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि तलावपरत्वे निर्णय करण्याची आवश्यकता उभयपक्षी नाकारली जात नाही.

८. अनिर्णित राहिलेल्या बाबी

आढाव्याच्या अखेरीस चार प्रश्न निरुत्तर राहतात. पहिला परीक्षेचा: समुद्रावरून वा दुसऱ्या जलाशयावरून आणलेल्या लहान नौकेची स्थैर्यपरीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी कोणी व कोणत्या खर्चात करावी? मोठ्या जहाजांसाठी वर्गीकरण संस्था आहेत. पंचवीस-तीस फुटी नौकेच्या मालकाला तितका खर्च झेपणे अवघड आहे. दुसरा कारागिरीचा: लाकडी, काचतंतूंच्या व पोलादी नौका दुरुस्त करणारे कसबी हात किनाऱ्यावर एकवटले आहेत, नौका हजार किलोमीटर आणता येईल, पण कारागीर दर पावसाळ्यानंतर येईल काय? तिसरा अंताचा: शासकीय जलक्रीडेच्या नौका निर्लेखित होऊन लिलावात निघतात, तेव्हा घेणाऱ्याने त्या पुन्हा पाण्यावर घालाव्यात की केवळ भंगार म्हणून घ्याव्यात, याची अट लिलावाच्या शर्तीतच स्पष्ट असावी काय? चौथा न्यायाचा: प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसारख्या योजना पारंपरिक मच्छीमारांना नव्या नौकांसाठी साहाय्य देतात, सुस्थितीतील, प्रमाणित जुन्या नौकेसाठीही तसे साहाय्य असावे, की त्यामुळे निकृष्ट नौकांना उत्तेजन मिळेल?

या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर केवळ नौकेकडे पाहून मिळत नाही. चारही पक्षांचे म्हणणे एकत्र ठेवले असता एवढे निश्चितपणे म्हणता येते की, वापरलेल्या नौकेचे वय, तिचे विलक्षण रूप किंवा तिची स्वस्ताई या कसोट्या अपुऱ्या आहेत. ज्या पाण्यावर ती जाणार त्या पाण्याशी तिची जुळणी, तिची दुरुस्ती करू शकणारा माणूस हाकेच्या अंतरावर असणे, आणि तिच्या पूर्वायुष्याचे निर्वेध दप्तर, या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे जुनी नौका आणण्यास हरकत नसावी, आणि त्यांतील एकीचाही अभाव असेल तेथे कितीही मोहक नौका असली तरी ती घेऊ नये. कॅलिप्सोच्या कीर्तीने आणि तिच्या अखेरच्या काळातील पुनर्बांधणीच्या दीर्घ वादाने जगाला हेच दोन्ही अंगांनी शिकविले.

गोंदियापुरते बोलावयाचे तर पहिले पाऊल खर्चाचे नाही, नोंदीचे आहे. जिल्ह्यातील कोणत्या तलावाची उन्हाळ्यातील किमान खोली किती, कोणत्या पाण्यावर किती डोंगे व किती यांत्रिक नौका आहेत, त्यांतील कोणत्या चालू व कोणत्या काठावर पडून आहेत, डोंगा घडविणारे कारागीर कोणत्या गावांत उरले आहेत, याची सूची ग्रामपंचायती व मच्छीमार सहकारी संस्था यांच्या साहाय्याने सिद्ध झाली, तर २०२१ च्या कायद्याला अभिप्रेत असलेल्या नोंदणीचा पाया आपोआप घातला जाईल, आणि पुढे एखादी संस्था दूरच्या बंदरातील नौका घेण्याचा विचार करू लागली तर तिच्या हाती विक्रेत्याच्या तपशिलासोबत आपल्या पाण्याचाही तपशील असेल. या सूचीचे काम धीवर संस्थांना सोबत घेऊन सुरू व्हावे, कारण या पाण्याचे ज्ञान त्यांच्याइतके दुसऱ्या कोणापाशी नाही.